देशाचा रकाना

अंधेरी पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या दुसऱ्या मजल्यावर एडिटिंगची एक खोली होती. खाली ब्रश बनवायचा कारखाना होता, त्यामुळे दिवसभर जमिनीतून बारीक थरथर यायची. मी तिथे सहायक म्हणून लागले तेव्हा गिरण्यांचा संप सुरू होऊन वर्ष उलटलं होतं आणि वडील घाटकोपरच्या आमच्या खोलीत खिडकीशी बसून असायचे. घरातून कामावर जाणारी मी एकटीच. सकाळी निघताना ते माझ्याकडे बघायचे नाहीत, मीही बघायचे नाही.

जाहिराती आणि सरकारी माहितीपट हे आमचं काम. एका सकाळी एक उंच, खांद्यात वाकलेला माणूस टॅक्सीतून फिल्मचे डबे घेऊन आला. लिफ्ट बंद होती. चार खेपा करून त्याने सगळे डबे स्वतः वर आणले, मला हात लावू दिला नाही. मालकांनी ओळख करून दिली, "यांच्या सिनेमाला आता तूच." त्या दिवसापासून मी त्यांना सर म्हणायला लागले.

सर पॅलेस्टिनी होते. जन्म बैरूतजवळच्या निर्वासितांच्या छावणीतला. पुण्यात सिनेमा शिकून ते परत गेले होते आणि तीन वर्षं राबून त्यांनी एक सिनेमा चित्रित केला होता. त्यांच्यामागे निर्माता नव्हता, सरकार नव्हतं. तिकडे लढाई पेटली तेव्हा ते रशेस, म्हणजे अजून न जोडलेली फिल्म, घेऊन निघाले आणि जिथे लॅब होती, जुने सोबती होते, अशा एकाच ठिकाणी, म्हणजे मुंबईला आले. आमचं बोलणं हिंदीत व्हायचं. त्यांच्या हिंदीत पुण्याचं मराठी मधूनच डोकावायचं. चहा आला की ते "घ्या, बाई" म्हणायचे आणि मला हसू यायचं.

तेव्हा मुंबईत अरब म्हटलं की पावसाळा बघायला येणारे श्रीमंत पाहुणे. इस्टेटचा वॉचमन सरांना विचारायचा, "साहेब, तुमच्याकडे तेलाच्या विहिरी किती?" सर मरोळला एका म्हाताऱ्या बाईंकडे भाड्याने राहायचे आणि दुपारी वडापाव खायचे. वॉचमनला ते म्हणायचे, "मोजतो आहे अजून."

सिनेमा त्यांच्या मोठ्या बहिणीवर होता. ती छावणीतल्या शाळेत शिकवायची. शाळा म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. ती मुलांना फळ्यावर नकाशा काढून दाखवते, ओट्यावर भाकरी थापते, पाण्याच्या रांगेत कोणाशी तरी तावातावाने भांडते. बास, एवढंच. मला अरबी येत नव्हती, पण आवाज आणि चित्र जुळवता जुळवता शब्द कानात बसले. ती मुलांवर कशी ओरडते ते मला तोंडपाठ झालं होतं. घरी भावाला मी त्याच शब्दांत दटावायचे.

काम अर्ध्यावर असताना सरांना पत्र आलं. ते बरेच आठवडे कुठेकुठे फिरून पोचलं होतं. त्यांनी ते दारातच उभं राहून वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि खुर्चीत बसले. मी विचारलं, "सर, काही झालं का?"

"शाळेची गल्ली राहिली नाही," ते म्हणाले.

"आणि ताई?"

"कोणाला माहीत नाही. मेलेल्यांच्या यादीत नाव नाही. जिवंतांची यादी कोण करतं?"

मग त्यांनी मशीन सुरू केलं. पडद्यावर ताई मुलांना रांगेत उभं करत होती. मी संडासात जाऊन रडले. तोंड धुऊन परत आले तेव्हा ते रीळ पुढे सरकवत होते.

शेवटच्या रिळात एक शॉट होता. शाळा सुटल्यावर ताई कॅमेऱ्याकडे पाठ करून गल्लीतून चालत जाते. लांब जाते, वळते, दिसेनाशी होते. गल्ली रिकामी राहते आणि शॉट तसाच चालू राहतो. आधी ठरलं होतं की ती वळली की कापायचं. पत्रानंतर सर तो शॉट वाढवत गेले. रोज थोडा. रिकाम्या गल्लीत एक मांजर येतं, जातं. कोणीतरी खिडकी लावतं. मी बावीस वर्षांची, शिकाऊ, हुशारी दाखवायची हौस. म्हटलं, "सर, लांब होतोय. लोक उठून जातील."

ते रागावले नाहीत. म्हणाले, "कापला की ती गेली. तू कापतेस?"

त्यांनी कात्री माझ्यापुढे ठेवली. मी हात मागे घेतला. ते वाक्य मी का बोलले, याची अजून लाज वाटते.

सिनेमा पूर्ण झाला. लॅबमध्ये निगेटिव्ह मीच जुळवून कापली, हातमोजे घालून, श्वास रोखून. तिच्यावरून एकच प्रिंट निघाली. एका दुपारी छोट्या थिएटरात ती दाखवली. सरांचे पुण्याचे दोन सोबती, एक वर्तमानपत्रवाला, आमचे मालक, आणखी पाचसहा जण. मी वडिलांना घेऊन गेले. घरात बसून माणूस वाळत चालला होता, म्हटलं तेवढंच बाहेर पडणं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. शेवटच्या शॉटमध्ये वर्तमानपत्रवाला उठून गेला, पाठोपाठ अजून दोघं. वडील मात्र पुढे झुकून बघत होते. दिवे लागल्यावर ते सरळ सरांकडे गेले आणि मालवणीतच विचारलं, "ती बाई शेवटाक खय गेली?"

मी हिंदीत सांगितलं. सरांनी वडिलांचा हात धरला. "मलाही माहीत नाही, काका."

"गाव खयचा तुमचा?"

सर म्हणाले, गाव होतं, ते मी पाहिलेलं नाही. माझ्या वडिलांनीच काय ते पाहिलेलं. आम्ही बसस्टॉपवर आलो. वडील मला म्हणाले, "गाव नाय म्हणजे असा कसा? आमचा काम गेला तरी गाव तरी आसा." बरेच दिवस ते मधूनच सरांची चौकशी करत.

पुढचं सगळं त्या अर्जांचं. परदेशातल्या एका महोत्सवाचा फॉर्म मी टाइपरायटरवर भरत होते. सिनेमाचं नाव, लांबी, दिग्दर्शक. मग रकाना आला, देश.

"काय लिहू, सर?"

"पॅलेस्टाइन लिही."

लिहिलं. सहा आठवड्यांनी अर्ज परत आला, त्यांच्या यादीत असा देश नाही. सरांनी लेबनॉन लिहिलं. तर उत्तर आलं, तिथल्या सरकारचं पत्र जोडा. वकिलातीत गेलो. तिथला माणूस सभ्य होता. सरांचे कागद उलटसुलट करून त्याने सांगितलं, तुम्ही आमच्याकडे राहत होता, आमचे नव्हता. सिनेमा इथे तयार झाला म्हणून भारत लिहून बघितलं. इथल्या सरकारी ऑफिसात त्यांनी विचारलं, दिग्दर्शक परदेशी, चित्रण परदेशात, भाषा परदेशी, मग यात भारतीय काय? मी म्हटलं, "मी."

तो अधिकारी हसला. सर हसले नाहीत.

असं दीड वर्ष चाललं. शेवटचा अर्ज त्यांनी रकाना कोरा ठेवून पाठवला. त्याचं उत्तरच आलं नाही. तोवर व्हिडिओ आला होता. सर लग्नं शूट करायला लागले. मुलुंड, भांडुप, बोरिवली, जिथे बोलावतील तिथे, खांद्यावर जड कॅमेरा घेऊन. पोट भरण्यापुरतं चालायचं. नवा सिनेमा सुचतोय का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "सुचतो. सकाळी उठलो की जातो."

माझ्या बहिणीचं लग्न मुलुंडला होतं. मीच सरांचं नाव सुचवलं. त्यांनी फार जीव लावून काम केलं. आठवड्याने बहिणीच्या सासरी सगळे कॅसेट बघायला बसले. वाढणाऱ्या बायकांचे हात, पंगत उठल्यावरचा रिकामा हॉल, कोपऱ्यात चपला शोधणारी माझी आई. आणि सप्तपदीच्या वेळी माझे वडील. विधी सोडून ते खिडकीबाहेर बघताहेत, कितीतरी वेळ. त्यांचा तसा चेहरा मी रोज बघत होते आणि तरी कधी बघितला नव्हता.

बहिणीची सासू म्हणाली, "आमचे पाहुणे कुठायत? भावजी दुबईहून आले, ते एकदाही दिसत नाहीत? ह्या अरबाला कोणी आणलं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मालकांच्या ओळखीचा आहे. मला नीट माहीत नाही."

पुढे त्याच कॅसेटवर बहिणीच्या सासरच्यांनी रविवारची मालिका रेकॉर्ड केली. वडील वारले तेव्हा मला तो चेहरा हवा होता. तो कुठेच उरला नव्हता.

सर आखातातल्या एका टीव्ही केंद्रात बातम्या जोडायच्या नोकरीवर गेले. जाताना प्रिंट बरोबर नेली. निगेटिव्हचे सात डबे लॅबमध्ये होते, त्याची पावती माझ्याकडे देऊन म्हणाले, "इथे माझं तू आहेस." एअरपोर्टला मी गेले नाही. माझं लग्न ठरत होतं.

पहिल्या पत्रात त्यांनी कळवलं की तिथल्या विमानतळावर प्रिंट तपासणीसाठी ठेवून घेतली आणि परत दिली नाही. बहिणीचा पत्ता नाही. नोकरी बरी आहे. दिवसभर दुसऱ्यांनी चित्रित केलेली माणसं कापतो, असं एक वाक्य होतं.

मी तोवर काम सोडलं होतं. लग्न होऊन विक्रोळीला एका खोलीत आले होते, मुलगी चार महिन्यांची होती. लॅबची नोटीस आली. जुनं गोदाम बंद करताहेत, आपला माल घेऊन जा. मुलीला शेजारणीकडे ठेवून गेले. गोदामाच्या ज्या भिंतीला डबे लावले होते ती दोन पावसाळे गळत होती. तिथल्या माणसाने एक डबा ठोकून उघडला. आत फिल्मचे थर एकमेकांना चिकटून एकच काळी वडी झाली होती, कडेला बुरशी. दुसराही तसाच. असे पाच उघडले.

"बाई, हे नेऊन काय करणार? फिल्ममधली चांदी काढणारे येतात, ते घेऊन जातील. सही करा फक्त."

दोन डबे उघडायचे राहिले होते. ते वरच्या फळीवर होते, कदाचित कोरडे असतील. त्यातला एक शेवटच्या रिळाचा. डब्यावर माझंच अक्षर होतं. मी तिथे किती वेळ उभी होते सांगता येत नाही. घरी जागा नव्हती. नवऱ्याला काय सांगू हे कळत नव्हतं. मुलगी दुधासाठी रडत असेल. ही कारणं तेव्हा मला खरीच वाटली. मी सातही डब्यांसाठी सही केली.

सरांचं दुसरं पत्र त्यानंतर आलं. निगेटिव्ह नीट आहे ना, एवढंच विचारलं होतं, आणि मुलीसाठी आशीर्वाद. उत्तर लिहायला मी चार वेळा बसले. पाचव्यांदा लिहिलं, नीट आहे, काळजी करू नका.

त्यांच्याकडून पुन्हा काही आलं नाही. पुण्याच्या त्यांच्या एका सोबत्याने मागे सांगितलं की ते केंद्र सोडून ते कुठेतरी उत्तरेकडच्या देशात गेले. कुठे, ते त्यालाही माहीत नव्हतं. माझं ते पत्र त्यांना मिळालं असेल, आणि त्यांनी त्यावर विश्वास ठेवला असेल.