रघुवीरकाकांचं परमिट

रघुवीर त्रिलोकेकर आमच्या खेतवाडीच्या चाळीत, आमच्या शेजारच्या खोलीत राहत. बॅलार्ड पिअरच्या एका जहाज कंपनीत कारकून होते. त्यांच्याविषयी कुणीतरी लिहील असं वाटायचं. कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहायला बसलो आहे. जमेलच असं नाही.

काकांना बिअरची आवड होती. आवड म्हणजे व्यसन नव्हे, हे चाळीला कधी पटलं नाही. कंपनीतल्या एका गोऱ्या साहेबाने त्यांना ती गोडी लावली. साहेब विलायतेला परतला, काकांचं शिकणं चालू राहिलं. पुढे दारूबंदी आली. बिअर हवी तर परमिट हवं, आणि परमिट हवं तर प्रकृतीसाठी मद्य आवश्यक असल्याचा डॉक्टरचा दाखला. काकांनी तो मिळवला आणि कागदोपत्री आजारी झाले.

रविवारी दुपारी एक बाटली निघे. तिचा ग्लास वेगळा. तो राखेने घासायचा नाही, ओशट हात लावायचा नाही. तेलाचा अंश राहिला की फेस मरतो, असं काकांचं म्हणणं.

"देवाच्या उपकरणीला नाही एवढं सोवळं या ग्लासाला," पद्मजाकाकू म्हणत.

काका आधी नुसता वास घेत. मग एक घोट जिभेवर धरून गप्प बसत. मी तेव्हा विशीतला, समोर बसलेला असे. मला पाजणं बेकायदा, म्हणून ते मला चव सांगत. "ही गेल्या खेपेपेक्षा कडू. पण कारल्यासारखी नाही, मेथीसारखी." काकूंनाही वास घ्यायला लावत. त्या नाक मुरडून वाकत. "भाजलेले जव. आणि घावनाचं पीठ आंबतं तसं काहीतरी."

"बघ, हिला कळतं!" काका खूश होत.

छप्पन्न साली संयुक्त महाराष्ट्राचे सत्याग्रह सुरू झाले. जमावबंदी मोडायला चाळीतून एक तुकडी जायची ठरली. चाळीच्या समितीचे प्रमुख, छापखान्यातले बाबुराव, नावं घेत होते. काकांनी नाव दिलं.

"रघुवीरराव, तुम्ही राहू द्या."

"का? मी मराठी नाही?"

"तुमच्याकडे दारूचं परमिट. कुणाला कळलं की छापून येईल, दारुडे निघाले मुंबई मागायला."

"मी दारुडा आहे का, बाबुराव?"

"नाही ना? मग आजारी आहात. आजाऱ्याला तुरुंगात कसा नेऊ? आणि आजारी नसाल, तर दाखला खोटा. आता तुम्हीच सांगा, तुमच्या नावापुढे काय लिहू?"

गॅलरीतले सगळे हसले. काका हसले नाहीत. घरात येऊन काकूंना म्हणाले, "अख्खी चाळ आत जाणार, आणि मी बाटली घेऊन इथे बसू?"

दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरकडे गेले आणि प्रकृती सुधारल्याचं लिहून मागितलं. डॉक्टर म्हणाले, "हे मागायला आलेले तुम्ही पहिलेच. पण त्रिलोकेकर, पुन्हा आजारी पडायला माझ्याकडे येऊ नका हं." काकांनी मान डोलावली. घरातली शेवटची बाटली त्या रविवारी उघडली. संपवून "चांगली होती," एवढंच म्हणाले. सोमवारी परमिट परत केलं आणि संध्याकाळी बाबुरावांना सांगून आले.

तुकडी निघाली तेव्हा चाळीतल्या बायकांनी सगळ्यांना ओवाळलं. काकांना कुंकू लावताना काकू म्हणाल्या, "तिथल्या आमटीला नावं ठेवत बसू नका."

काका सुटून आले तेव्हा बरेच वाळले होते. हार बाबुरावांनी स्वतः घातला. पुढे आपलं राज्य झालं, तरी दारूबंदी राहिलीच. काकांनी परमिटचा विषय पुन्हा काढला नाही.

सुटल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. जावं की नाही, कळत नव्हतं. काका जेवत होते. सोलकढीचा घोट घेऊन थोडा वेळ थांबले.

"कोकम बदललंस?"

"वाण्याने दिलं तेच घातलं."

"जुनं आहे. मीठही जास्त लावलंय त्याला."

काकू माझ्याकडे वळल्या. "झालं! आता माझ्या स्वयंपाकावर आलं."

पण पुढच्या महिन्यात काकूंनी वाणी बदलला.