ताईंसाठी उतरवलेली चिमणी

चष्मेवाल्यांबद्दल मी लिहावं इतकी काही आमची ओळख नव्हती. त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं; ते वरच्या मजल्यावर राहायचे आणि मी खाली. जिन्यात भेटलो की "काय म्हणता?" आणि "चाललंय", एवढंच. त्यांचं लग्न का झालं नाही, पूर्वी ते कुठे होते, मी कधी विचारलं नाही. मला विचारायला जमतही नाही. ते गेल्यावर लोक मला येऊन म्हणू लागले, तुम्हाला तर जास्त माहीत असेल. मला माहीत आहेत ते चार-पाच दिवस. पण ते दिवस असे, की आजही आठवले तरी मी खुर्चीतून उठून फेऱ्या मारायला लागतो.

त्यांच्याकडेच राहणाऱ्या थोरल्या बहिणीची, ताईंची, सगळी नोकरी सूतगिरणीत गेली. गिरणी बंद पडली, ताईंचे गुडघेही गेले, आणि मग जिना उतरणं संपलं. गिरणीची उंच लोखंडी चिमणी तेवढी उभी होती. ती कापून क्रेनने खाली उतरवणार, आणि तेही एकाच दिवसात, अशी बातमी आली. ताईंच्या खिडकीतून ती दिसत नव्हती.

"मला बघायचंय," त्या म्हणाल्या. "फोटो नकोत. तिथं उभं राहून बघितल्यासारखं बघायचंय."

झालं! चष्मेवाल्यांच्या अंगात वारं शिरलं. त्यांनी दोन कॅमेरे शेजारी शेजारी बसवायचं ठरवलं, एक डाव्या डोळ्याचा आणि एक उजव्या. दिवसभर थोड्या थोड्या वेळाने फोटो घ्यायचे आणि ते भराभर पळवायचे, म्हणजे दिवस मिनिटांत सरतो. दोन भिंगं लावलेल्या एका डब्यातून ते पाहिलं, की चित्राला खोली येते. सकाळी सूर्य चिमणीच्या मागे असायचा. आकाश नीट आलं तर चिमणी काळी ठिक्कर, आणि चिमणी नीट आली तर आकाश पांढरं फटक. म्हणून प्रत्येक वेळी तीन फोटो काढायचे, एक अंधारा, एक मधला आणि एक उजळ, आणि ते एकात मिसळायचे.

मला काही कळत नव्हतं, पण त्यांनी मला गच्चीवर ओढून नेलं. एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं, असा आमचा कारभार.

आदल्या दिवशी चाचणी घेतली. मिसळण्याचं काम संगणकावर सोडलं, तर त्याने प्रत्येक फोटो आपल्या मर्जीने उजळवला. चित्र बिघडलेल्या ट्यूबलाइटसारखं लुकलुकायला लागलं, आणि डावा डोळा उजेडात तर उजवा सावलीत.

"याच्यावर विश्वास ठेवला तर ताईचं डोकं चढेल," ते म्हणाले. "डाव्याला जे माप, तेच उजव्याला. पहिल्या फोटोला जे, तेच शेवटच्याला."

तसं केल्यावर लुकलुक थांबली. मी डब्यात डोळे घातले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "चपटी दिसतेय हो!"

त्यांनी डबा हिसकावून घेतला. खरंच, आकाशावर कागद चिकटवावा तशी चिमणी. ते मटकन कठड्यावर बसले आणि मग एकदम हसत सुटले. त्यांनी ताईंच्या डोळ्यांतल्या दोन बाहुल्यांमधलं अंतर पट्टीने मोजून तेवढ्याच अंतरावर कॅमेरे लावले होते!

"आयुष्यभर चष्मे करून करून माझं डोकं नाकाएवढं झालंय," ते म्हणाले. "इतक्या लांबच्या वस्तूला एवढं अंतर काय पुरणार? कॅमेरे लांब ठेवले पाहिजेत. गच्चीच्या दोन टोकांना!"

दोन्ही कॅमेऱ्यांची कळ एकाच क्षणी दाबली जायला हवी, म्हणून दुकानातली घंटेची तार काढून ती गच्चीभर पसरली. पुन्हा चाचणी. चिमणी आकाशातून सुटून पुढे आली! मी लहान पोरासारखा ओरडलो. त्यांनी मात्र डब्यात पाहिलं आणि मान हलवली.

"खेळण्यातली वाटते," ते म्हणाले. "राक्षसाच्या डोळ्यांनी बघितल्यासारखी. तिची चिमणी मी बाहुलीच्या घरातली करून टाकली, तर ती काय म्हणेल?"

चपटी पण मोठी, की उठावदार पण इवलीशी? सकाळी क्रेन येणार होती. पुन्हा संधी नाही. त्यांचं धाडस होईना. शेवटी मीच, कधी नव्हे ते, म्हणालो, "ताईंनाच विचारा की."

ताईंनी आधी एक चाचणी पाहिली, मग दुसरी. दुसरीवर त्यांचा हात आपोआप पुढे आला आणि हवेत बोटं मिटली.

"हीच," त्या म्हणाल्या.

"अगं, पण केवढीशी दिसतेय!"

"दिसू दे. इतकी वर्षं मान मोडेस्तोवर वर बघितलं तिच्याकडे. आता जरा माझ्या हातात मावू दे. आणि तू रडू नकोस, भिंगं ओली होतील."

दुसऱ्या दिवशी ते एका टोकाला आणि मी दुसऱ्या. क्रेनचा हात फिरत असताना तीन फोटो मिसळले तर तीन हात दिसतात, हे त्यांच्या ऐन वेळी लक्षात आलं. "हात फिरला की हाक मारा! तिथे मधला एकच फोटो घेऊ!" ते ओरडले. मग काय, आयुष्यात कधी आवाज न चढवलेला मी दिवसभर "फिरला! फिरला!" करून घसा बसवून घेतला. खालच्या रस्त्यावर लोक वर बघत होते. मला अजिबात लाज वाटली नाही.

ताईंनी तो दिवस कितीदा पाहिला कोण जाणे. चिमणी तुकड्या-तुकड्याने खाली यायची आणि त्या प्रत्येक तुकड्याला "ये, ये, सावकाश" म्हणायच्या.

थोड्या दिवसांनी चष्मेवाले जिन्यात भेटले. तीच घंटेची तार खांद्यावर, धाप लागलेली, चेहरा फुललेला.

"ताईची नवी फर्माईश. तिथं आता काय उभं राहतंय, तेही हवंय."

"म्हणजे पुन्हा गच्ची?"

"पुन्हा गच्ची. सकाळी येताय ना?"

"येतो. पण जिना हळू चढणार मी."

"चढा हळू. मी दार उघडं ठेवतो."