आईचा तळतळाट

रायपूर राजधानी झालं आणि सगळ्यांनाच घाई सुटली. भनपुरीच्या रस्त्यावर सिमेंट-सळयांचे ट्रक रात्रंदिवस धावायचे. त्यातल्याच एकाखाली आमच्या शेजारच्या आंटींचा एकुलता एक मुलगा गेला. सकाळी स्कूटरवर कामाला निघाला होता. नव्या राजधानीचं कौतुक कोणी सुरू केलं की माझं डोकं अजून फिरतं.

आंटी ख्रिस्ती होत्या, शाळेत शिकवायच्या. नवरा आधीच वारला होता. माझी आई नागपूरकडची, तोंडाची फटकळ, पण दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून रोज डबा घेऊन तिकडे जायची. संध्याकाळी आंटींकडे जपमाळेची प्रार्थना असायची. भिंतीवर येशूच्या आईचं, मरियेचं चित्र होतं, मेलेला मुलगा मांडीवर घेतलेली आई. प्रार्थनेतलं आईला ओ की ठो कळायचं नाही, तरी डोक्यावर पदर घेऊन ती शेवटपर्यंत बसायची आणि मलाही कोपराने ढोसून बसवायची.

एकदा प्रार्थना सुरू व्हायच्या आधी दारात एक अनवाणी म्हातारी येऊन उभी राहिली. "ट्रकवाले की माँ है," एवढं सांगून तिला आणणारा रिक्षावाला सटकला. शहाणाच म्हणायचा.

आई ताडकन उठली. "दीदी, हिले आत घेऊ नका! केस मागे घ्या म्हणासाठी आली असन."

म्हातारीने मान हलवली. उंबऱ्याबाहेरच बसून तिने आंटींचे पाय धरले. "जेल मा रहय, जतका दिन राखहीं. फेर मोर बेटा ला सराप झन देबे, दाई." दाई म्हणजे त्यांच्याकडे आई.

पोर गेलेल्या आईचा तळतळाट लागतो, त्यातून कोणी सुटत नाही, असं आमच्याकडेही मानतात. पोराला जेल चालेल पण शाप नको, ही म्हातारीची धास्ती आईला तिथेच कळली आणि ती गप्प झाली. आमच्या घरात हे विरळाच. माझं विचाराल तर मी चार शाप मोजून दिले असते.

आंटींनी माळेचे मणी मुठीत आवळले. आता या तिला लाथाडतात की काय, अशी भीती मला वाटली. मग खाली वाकून त्यांनी तिचे हात पायांवरून सोडवले आणि विचारलं, "नाम क्या है उसका?"

म्हातारीने मुलाचं नाव सांगितलं. आंटींनी तिला आत नेऊन आपल्या शेजारी, आईच्या रोजच्या जागेवर बसवलं. आई मुकाट्याने सरकली.

प्रार्थनेच्या शेवटी आंटी रोज आपल्या मुलाचं नाव घ्यायच्या. वर्गात हजेरी घेतल्यासारखं, आवाज जराही न हलू देता. त्या दिवशीही तसंच घेतलं. मग त्यांनी ट्रकवाल्याचं नाव घेतलं. त्या पोरालाही मरियेने पदराखाली घ्यावं, असं मागितलं. एवढं मोठं मन मी पुन्हा कुठे पाहिलं नाही.

पण ते नाव घेताना त्यांचा आवाज हलला. मुलगा गेल्यापासून चारचौघांत एक टिपूस न काढलेल्या आंटी त्या म्हातारीच्याच खांद्यावर कोसळल्या. म्हातारी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "रो ले दाई," ती म्हणत होती, "रो ले."