लोवेलचा अंगठा

आमच्या एल्खार्टमध्ये जुनं मोटरहोम घ्यायचं असेल, तर आधी लोवेल हॉस्टेटलरला दाखवायचं. तीस वर्षं त्यानं कारखान्यात या चाकांवरच्या घरांच्या भिंती जोडल्या होत्या. आत शिरला की बंद कपाट उघडून वास घ्यायचा, मग कोपऱ्याकोपऱ्यातून अंगठा दाबत जायचा. अंगठा आत रुतला, की आतलं लाकूड कुजलेलं. "नको," एवढंच म्हणायचा. घेणारे निमूट परत फिरायचे.

त्याच्या बायकोला, आर्लीनला, स्वतःच्या गाडीतून मिशिगनच्या तळ्याकाठी मुक्कामाला जायचं होतं. चाळीस वर्षं दोघं गाड्या बघत होते. प्रत्येकीत लोवेलला काहीतरी सापडायचंच.

"माझ्यात बरं काही सापडलं नाही तुला!" ती चिडवायची.

"तुझा बाप दाबून बघू देत होता का?"

मार्चमध्ये डॉक्टरांनी सांगितलं, आर्लीनला हा उन्हाळा दिसला तर दिसला. मेमध्ये ती दोघं गोशेनला सत्त्याहत्तर सालची एक गाडी बघायला गेली. आर्लीनला धरायला शेजारीण म्हणून मी सोबत होते.

गाडीवाल्या बाईनं पडदेसुद्धा धुऊन लावले होते. आर्लीन सरळ जाऊन पलंगावर आडवी झाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. लोवेलनं इंजिन ऐकलं, ब्रेक बघितले, पसंतीची मान डोलावली. मग आत आला आणि पलंगाच्या उशाशी त्याचा अंगठा पेरापर्यंत आत गेला.

"बोल ना," आर्लीन डोळे न वळवता म्हणाली.

"सहा आठवड्यांचं काम आहे, म्हातारे."

"सहा आठवडे मी कुठून आणू? अशीच घे. तासाभरावर तर तळं."

"पाऊस आला तर पाणी थेट तुझ्या छातीवर."

"येऊ दे. छत्री धर तू."

मला हसू आलं. त्याला नाही. त्यानं गाडी घेतली खरी, पण अंगणात आणून दुसऱ्याच दिवशी भिंत उघडली. कुजकी भिंत एकदा उघडली की आवरत नाही. उशाचं लाकूड काढलं तर छताचं निघालं, छताचं काढलं तर दाराचं. तो पहाटेपासून खपायचा. आर्लीन स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्चीत बसून बघायची. "आज कुठवर आलो आपण?" विचारायची. "दारापाशी," तो सांगायचा.

पाचव्या आठवड्यात ती गेली.

दफन झाल्यावरही तो काम करत राहिला. शेवटचा पत्रा बसवला त्या दिवशी मी सूप घेऊन गेले. तो पलंगाच्या कडेला बसला होता. मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं, "लोवेल, त्या दिवशी गेली असती का रे गाडी तळ्यापर्यंत?"

"गेली असती," तो म्हणाला. "इंजिनाला काही झालंच नव्हतं. आणि त्या आठवड्यात पाऊसही आला नाही."