ट्रस्टचं कुंपण आणि ऑलिव्हचा पाट

ऑलिव्ह बॅगशॉ ही माझी भावजय. माझ्या भावाशी, वॉल्टरशी, तिचं कसं जमलं ते आधी सांगते, म्हणजे बाई काय चीज आहे ते कळेल. वॉल्टर खाणीतून सुटून घरी येत होता. ही गल्लीच्या तोंडाशी हौदात उतरून अनवाणी पायांनी माती तुडवत होती. तो बघत उभा राहिला. ही म्हणाली, "ए लांबूडक्या, बघतोस काय, बूट काढ आणि ये आत." वॉल्टर बूट काढून आत गेला तो जन्मभर तिच्याच शब्दात राहिला. आमची आई म्हणायची, माझा चांगला मुलगा चिखलात गेला. मी नणंद, मी तर काय काय म्हटलं ते इथे सांगत नाही.

ती माती असायची विहिरीच्या पाटासाठी. आमच्या डोंगरातल्या गावांत उन्हाळ्यात विहिरी सजवतात. मोठा लाकडी पाट तळ्यात भिजत घालायचा, त्यावर मीठ घालून तुडवलेली माती थापायची आणि मातीत फुलांच्या पाकळ्या खोचून चित्र करायचं. रेघांना काळी बोंडं, केसांना शेवाळ, दगडाला दगडफूल. पाकळ्या लावायच्या खालून वर, कौलांसारख्या, म्हणजे पाऊस आला तरी पाणी वरून निघून जातं. वरून खाली लावणाऱ्याला ऑलिव्ह असं काही बोलते की तो माणूस पुन्हा आयुष्यात चूक करत नाही. पाद्रीणबाई सुद्धा एकदा ऐकून घेऊन गेल्या. ऑलिव्ह पोस्टमनपासून बिशपपर्यंत सगळ्यांना 'बाळा' म्हणते, त्यामुळे शिव्या खाल्ल्यासारखं कुणाला वाटतच नाही, एवढीच तिची चलाखी.

गावात विहिरी तीन. त्यातली शाळेच्या अंगणाला लागून आहे ती मुलांची. ती मुलंच सजवणार, मोठ्यांनी फक्त माती थापायची आणि तोंड बंद ठेवायचं. ऑलिव्हनं पाच वर्षांची असताना तिथे पहिली पाकळी लावली. पुढे ती त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात लागली, अर्ध्या गावाला तिनं गरम बटाटे आणि कस्टर्ड खाऊ घालून वाढवलं, आणि दर उन्हाळ्यात मुलांच्या पाटावर मुकादमी केली. निवृत्त झाली तरी मुकादमी सोडली नाही.

मग आला ट्रस्ट. गावची शाळा एका ट्रस्टच्या हवाली झाली. त्यांचं मुख्य ऑफिस दूर शहरात, आणि अशा कितीतरी शाळा त्यांच्या हाताखाली. सुरुवातीला सगळं गोडीगुलाबीचं. नवे फळे, नवा रंग, नवे कोट. मग स्वयंपाकघराला कुलूप लागलं आणि मुलांना थंडगार सँडविचची पाकिटं यायला लागली. मग व्हरांड्यातून जाताना बोलायचं नाही असा नियम निघाला. आमची मुख्याध्यापिका गेली, नवीन बाई आली ती तीन शाळांत वाटलेली, मंगळवारी दिसली तर दिसली. कुणी काही विचारायला गेलं की उत्तर एकच, निर्णय वरून झालाय. वर म्हणजे कुठं, ते देवाला ठाऊक, आणि त्यालाही विचारलं असेल असं मला वाटत नाही.

शेवटी त्यांनी शाळेभोवती उंच लोखंडी कुंपण घातलं. मुलांची विहीर त्या कुंपणाच्या आत गेली. आणि वसंत ऋतूत कळवलं की विहीर सजवण्यात शिकण्याचा वेळ फार जातो, सबब यंदापासून शाळा त्यात भाग घेणार नाही.

त्या दिवशी ऑलिव्ह माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि चहाला हातही लावला नाही. "हिल्डा," ती म्हणाली, "हे हातातून हातात जातं गं. लहानांना मोठी मुलं दाखवतात. एक वर्ष मोडलं की पुढच्या वर्षी दाखवणारं कुणी नसतं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी कुणी विचारतही नाही." वॉल्टरच्या दफनाला न रडलेली बाई माझ्या टेबलावर डोकं ठेवून रडली. मला तिचा फार राग येतो, पण त्या दिवशी ट्रस्टचा जो राग आला त्यापुढे तो काहीच नाही.

मग गाव उठलं. आमचं गाव एरवी कशावर एकत्र येत नाही, चर्चच्या घंटेच्या दुरुस्तीवरून अजून दोन घरं बोलत नाहीत. पण आता खिडकीखिडकीत पाट्या लागल्या. आया रोज दुपारी फाटकाबाहेर उभ्या राहून गाणी म्हणू लागल्या, कारण आत मुलांना बोलायची बंदी, बाहेर आम्हाला कोण बंदी करणार? सगळ्यात वाईट गत झाली क्लाइव्ह हीथकोटची. क्लाइव्ह आमचा सुतार, विहिरीचा पाट बनवणारा. आणि ते कुंपण उभं करायचं काम त्यानंच घेतलं होतं. तो पबमध्ये शिरला की कुणीतरी म्हणायचं, "दार लावून घे रे, नाहीतर क्लाइव्ह कुंपण घालील." बिचारा कोपऱ्यात बसून बिअर प्यायचा आणि म्हणायचा, "मी नाही घातलं तर दुसऱ्यानं घातलं असतं." "हो, पण दुसऱ्याला आम्ही ओळखत नसतो," ऑलिव्ह म्हणायची.

शेवटी ट्रस्टचे प्रमुख मिस्टर पेंबर्टन गावकऱ्यांना भेटायला आले. उंच, स्वच्छ, बोलायला मऊ. गावच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. ऑलिव्ह पहिल्या रांगेत.

"बाळा, एकच विचारते," ती म्हणाली. "मुलं विहीर सजवणार की नाही?"

"मिसेस बॅगशॉ, तुमच्या परंपरेबद्दल आम्हाला अतिशय आदर आहे..."

"म्हणजे नाही," मी शेजारणीला सांगितलं. आदर आला की मागून नकार येतो, हे मला दोन लग्नांनी शिकवलंय.

"पण अभ्यासाचा एक तासही वाया जाऊ नये, हे तुम्हालाही पटेल," ते म्हणाले.

"पटलं," ऑलिव्ह म्हणाली. "मग शाळा सुटल्यावर करतील. क्लाइव्हच्या कोठारात. तुमच्या घड्याळाला धक्का लागणार नाही. तुम्ही फक्त शनिवारी फाटक उघडा आणि पाट आत नेऊ द्या."

सगळं सभागृह त्यांच्याकडे बघायला लागलं. एवढ्या माणसांसमोर शनिवारी फाटक उघडायला नाही कसं म्हणणार? म्हणाले, तासभर उघडू, मी स्वतः येईन. टाळ्या पडल्या. क्लाइव्हनं सगळ्यांत जोरात वाजवल्या, त्याला तेवढंच पुण्य.

नंतरचे दिवस असे गेले की विचारू नका. शाळा सुटली की मुलं पाठीवरची दप्तरं कोठाराच्या दारात टाकायची, बूटमोजे भिरकावायची आणि हौदात उड्या. व्हरांड्यात न बोललेलं सगळं तिथे बोलून घ्यायची. कान किटून जायचे. चित्र मुलांनीच ठरवलं, बायबलमधल्या पाच भाकरी आणि दोन मासे, त्यात हजारो माणसं पोटभर जेवतायत असं. थंड सँडविच खाणाऱ्या मुलांना दुसरं काय सुचणार? माशांचे खवले हायड्रेंजियाच्या निळ्या पाकळ्यांचे झाले, भाकरी गव्हाच्या कोंड्याच्या. ऑलिव्ह काठी टेकत पाटाभोवती फिरायची. "खालून वर, बाळा. खालून वर. तुझ्या आजोबांनाही हेच सांगायला लागायचं, ते पण बहिरेच होते." मी पण जायची, फक्त चुका काढायला, आणि घरी येताना नखांत माती असायची.

शनिवारी सकाळी लख्ख ऊन पडलं. बँड पुढे, पाद्रीणबाई झगा सावरत, मागे आठ जणांच्या खांद्यावर पाट, आणि त्याच्या मागे अख्खं गाव. पाट न्यायचा तो आडवा, खाटेसारखा. उभा करायचा तो विहिरीपाशी, एकदाच, सावकाश. मधेच कलंडला तर ओली माती सरकते. आणि शाळेच्या फाटकापर्यंत सगळा चढ, तिथे टेकवला तर वाकतो, माती तडकते आणि पाकळ्या भुईवर. पुढचा उजवा कोपरा क्लाइव्हच्या खांद्यावर होता. फाटक उघडून पेंबर्टनसाहेब आत उभे होते, राखाडी सूट, चकचकीत बूट, हातात भाषणाचा कागद.

बँड आत गेला. पाद्रीणबाई गेल्या. पाट फाटकापाशी आला आणि थांबला.

पाट रुंद होता. फाटक अरुंद होतं. हातभर नव्हे, चांगलं दोन हात. क्लाइव्हनं पाट मापला होता विहिरीला, त्याच्या बापानं मापला तसाच. फाटक मापलं होतं ट्रस्टच्या नकाशाला. दोन्ही मापं एकाच माणसानं, एकाच पेन्सिलीनं घेतलेली, आणि दोन्हींची एकदा गाठ घालून बघावी हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. त्याच्याच कशाला, आमच्या कुणाच्याच आलं नाही. शंभर वर्षं तिथे फाटकच नव्हतं, आठवणार कुठून?

"क्लाइव्ह," ऑलिव्ह म्हणाली, "हे काय रे?"

"फाटक," क्लाइव्ह म्हणाला. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

बँड वाजायचा थांबला. मुलं पाटाला चिकटून उभी होती, एक मुलगी कुणाची तरी बाही धरून म्हणत होती, "पडणार नाही ना? पडणार नाही ना?" ऊन चढत होतं आणि माती वाळत होती. मागचे दोघं सारखे खांदे सावरत होते, ते मी डोळ्यांनी बघितलं.

"फाटकाशेजारी दोन खांबांमधला कुंपणाचा एक गाळा काढायला लागेल," क्लाइव्ह म्हणाला. "चार बोल्ट आहेत. पाना माझ्या गाडीत आहे."

"एक मिनिट," पेंबर्टनसाहेब म्हणाले. "ती ट्रस्टची मालमत्ता आहे. मला इमारत विभागाची परवानगी घ्यावी लागेल." आणि त्यांनी फोन लावला. शनिवार होता. फोन वाजत राहिला, वाजत राहिला, आणि एका बाईचा आवाज म्हणाला की ऑफिस सोमवारी उघडेल. ते आमच्या सगळ्यांना ऐकू आलं. त्यांनी बोलत बोलत फाटकातून बाहेर येऊन दुसरा नंबर लावला. तिथेही तीच बाई.

"आता मला धरवत नाही," मागून कुणीतरी म्हणालं.

"साहेब, काय करू?" क्लाइव्हनं विचारलं.

साहेबांनी पाटाकडे बघितलं. मुलांकडे बघितलं. मुलं आता काही बोलत नव्हती, त्यांना त्या शाळेत गप्प राहायची सवयच लागलेली. मला वाटतं तेच साहेबांना लागलं. "काढा," ते म्हणाले, इतक्या हळू की ऑलिव्हनं विचारलं, "काय म्हणालास, बाळा?"

"काढा म्हणालो."

क्लाइव्ह कोपरा सोडून निघाला. म्हणजे निघणार होता, पण कोपरा हवेत कसा सोडणार? सगळ्यांत जवळ उभा असलेला धडधाकट पुरुष एकच होता. ऑलिव्हनं त्यांच्या हातातला भाषणाचा कागद काढून माझ्याकडे दिला. "धर, बाळा," ती त्यांना म्हणाली. "खांदा दे. पाठ सरळ. बोलू नकोस, दम जातो."

आणि पेंबर्टनसाहेबांनी खांदा दिला. पाटाचं वजन काय असतं ते त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं. पाटातलं खारं पाणी टपकत टपकत त्यांच्या कॉलरमध्ये जात होतं. क्लाइव्हनं आपणच घट्ट आवळलेले बोल्ट सोडवायला घेतले, आणि आपल्याच कामाला नावं ठेवत होता, "कुठल्या गाढवानं एवढे आवळलेत." गाव हसायला लागलं. आधी आया, मग बँडवाले, मग खुद्द पाटाखालचे, "हसवू नका रे, पडेल," असं ओरडत. गाळा निघाला. क्लाइव्हच्या हातात गाळा होता, त्यामुळे साहेबांना सोडवायला कुणी नव्हतं. आपल्याच कुंपणाच्या भगदाडातून ते पाट घेऊन आत गेले, विहिरीपर्यंत, आणि पाट उभा करून टेकवेपर्यंत खांदा काढला नाही. हे मात्र मान्य करायला हवं.

एक पाकळी हलली नव्हती. पाच भाकऱ्या उन्हात चमकत होत्या. मुलांनी जो गलका केला तो त्या अंगणानं कित्येक महिन्यांत ऐकला नसेल, आणि कुणी त्यांना गप्प बसा म्हटलं नाही. पाद्रीणबाईंनी आशीर्वाद दिला, तोही कुणाला नीट ऐकू आला नाही.

स्वयंपाकघर अजून बंद आहे. त्यावर भांडण चालू आहे आणि चालू राहील, ऑलिव्ह आहे तोवर. पण त्या दिवशी सगळं झाल्यावर क्लाइव्ह पाना हातात घेऊन साहेबांसमोर उभा राहिला.

"हे परत लावू का, साहेब?"

साहेब रुमालानं मान पुसत होते. सूट गेला होता कामातून. "आठवड्यानं पाट परत बाहेर काढायचा असतो ना?"

"हो."

"म्हणजे पुन्हा उघडायला लागेल." त्यांनी त्या भगदाडाकडे बघितलं. मुलं त्यातून आत-बाहेर पळत होती, फाटक उघडं असूनही. "आणि पुढच्या वर्षी पुन्हा."

ऑलिव्ह माझ्या शेजारी विहिरीच्या पायरीवर बसली होती. तिनं माझा हात इतका जोरात दाबला की अंगठी रुतली.

"पुढच्या वर्षी म्हणालास, बाळा?" तिनं विचारलं.

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. "हो," ते म्हणाले. "दर वर्षी काढण्यापेक्षा राहू दे तसंच."