पाचवी काच

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोला अर्धं ठाऊक आहे — तेही माझ्या बाजूचं, चांगलं अर्धं. आत्या मागच्या पावसाळ्यात गेली. तेव्हापासून उरलेलं अर्धं मनात फिरतं आहे, धुक्यात वाट चुकलेल्या गुरासारखं. तुमच्याजवळ का बोलतो आहे? तुम्ही आत्याला पाहिलेलं नाही, म्हणून असेल.

आई लवकर गेली. वडिलांच्या या थोरल्या, विधवा बहिणीने मला वाढवलं. तिची वाडी तळेघरच्या वरच्या अंगाला. भीमाशंकरची एसटी तळेघरला सोडायची, पुढे तासभर चालत. श्रावणात त्या वाटेवर माणूस आधी ऐकू येतो, मग दिसतो. मी पुण्यात एम.एस्सी. करत होतो. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं.

त्या वर्षी भातलावणीत, बांधावर ठेवलेल्या विळ्यावर आत्याचा पाय पडला. तळव्याला खोल कापलं. महिना झाला तरी जखम मिटेना, तेव्हा कळलं की तिला साखर आहे.

आणि माझा प्रकल्प — कसं सांगू? — जखमेवरच होता. जखम झाली की तिथे मॅक्रोफेज नावाच्या पेशी येतात. सुरुवातीला त्या रागीट असतात. जंतू खातात, मेलेलं उचलतात, सूज धरून ठेवतात. मग केव्हातरी त्यांचा स्वभाव पालटतो. त्याच पेशी शांत होतात, नव्या रक्तवाहिन्यांना बोलावतात, खड्डा भरून आणतात. मधुमेहात पुष्कळदा हा पालट होतच नाही. राग तसाच राहतो, आणि जखम तिथेच अडकते.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत बसलो होतो. अंगात आपल्या नकळत कुणीतरी रागावतं, आणि कुणीही न समजावता निवळतं. हा निवळण्याचा क्षण मला डोळ्यांनी पाहायचा होता.

म्हणून दर पंधरा दिवसांनी मी वाडीवर जायचो. जखम धुवायचो, तिच्यावर काचपट्टी अलगद टेकवायचो, उचलायचो, वाऱ्यावर वाळवायचो. पुण्यात ती रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की जांभळट आभाळ दिसायचं, आणि त्यात फिक्या ढगांसारख्या मोठ्या पेशी. तासन् तास मी त्या आभाळात असायचो. ते आत्याच्या पायातलं आहे, हे विसरून.

ती थट्टा करायची. "माझ्या पायाचा फोटू पुण्याला न्हेतोस, तोंडाचा कधी न्हेणार रं?" एकदा म्हणाली, "लावलीस का काच? मला तर कळलंबी न्हाई. दुखत न्हाई म्हंजे भरत आलं बग." तिच्या पायाची जाणीव गेली होती. न दुखणं हेच वाईट लक्षण होतं. मी ते वाचलेलं होतं — आणि मी हसलो.

तीन काचा झाल्या. उपकेंद्रातल्या सिस्टरांनी चिठ्ठी दिली: जखम भरत नाही, पुण्याला मोठ्या दवाखान्यात ताबडतोब न्या. आत्याने ती चिठ्ठी चुलीमागच्या फळीवर ठेवली आणि माझी वाट पाहिली. मी येऊन चौथी काच घेतल्यावर म्हणाली, "तू शिकल्याला हाईस. तू सांगशील तसं. जाऊ का?"

पुण्याला नेलं असतं तर जखम खरवडली असती, मोठी औषधं सुरू झाली असती. माझी मालिका चारवर तुटली असती. मला पाच हव्या होत्या.

मी म्हणालो, "पंधरा दिवस थांब. भरतेय."

मला माहीत नव्हतं का? साध्या रंगात पेशींचे दोन स्वभाव वेगळे ओळखता येत नाहीत, हे खरं. पण तिसऱ्या काचेवर पहिलीइतकीच गर्दी होती. काहीही निवळत नव्हतं, एवढं तर दिसत होतं. माझ्या सरांना मी सांगत होतो, उपचार व्यवस्थित चालू आहेत. तिला सांगत होतो, भरतेय. दोघांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

पंधरा दिवसांनी गेलो तेव्हा वास उंबऱ्यापर्यंत आला होता. दोन बोटं काळी पडली होती. आत्या तापात कुणाशी तरी बोलत होती, बहुधा माझ्या आईशी.

आता खरं सांगायचं ते हे. मी ओरडायला हवं होतं, माणसं गोळा करायला हवी होती. ती मी केली — नंतर. आधी मी पिशवी उघडली आणि काच टेकवली. ती वाळेपर्यंत थांबलो. मग दारात जाऊन हाका मारल्या.

वाडीतल्या चौघांनी तिला डोलीतून सडकेपर्यंत नेलं. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. माझ्या प्रकल्पावर चांगला शेरा आला.

त्यानंतर ती सहा वर्षं जगली. लावणीच्या दिवसांत पडवीत बसून इतरांना चिखलात उतरताना बघायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "भाचा एसटीनं येऊन येऊन पाय धुवायचा माजा." मी शेजारी असायचो. मी कधीच मध्ये बोललो नाही.

दहाव्याला वाडीतले एक म्हातारे गृहस्थ जवळ आले. माझा हात धरून म्हणाले, "भाऊ, तुमी लई केलं तिचं. असा भाचा कुनाला मिळतो?"

मी मान खाली घातली. लोकांना ते दुःख वाटलं. दुःख होतंच. पण मान त्याने खाली गेली नव्हती.