हवेचा फोटो

हमीदभाई फोटो काढायच्या आधी माणसं ढकलायचे. कॅमेरा पाठीवर फिरवून ते ओळीत शिरत आणि आजोबा म्हणू नका, तहसीलदार म्हणू नका, सगळ्यांना दाबून एकमेकांना चिकटवत. बायकांना हात कसा लावणार, म्हणून त्यांच्यासाठी काखेत एक छत्री असायची. तिनं ते लांबूनच ढोसायचे. कोणी कुरकुरलं की म्हणायचे, "दोघायच्या मंधात हवा दिसून राह्यली ना भाऊ! मी काय हवेचा फोटो काढाले आलो काय?"

वरोऱ्यात त्यांचा स्टुडिओ होता आणि आमचं गाव तिथून आत, जंगलाला लागून. लग्नाची तारीख आमच्याकडे आधी हमीदभाईंना विचारायची, मग भटजींना. ग्रुप फोटो झाल्याशिवाय ते आचाऱ्याला भाताच्या गंजावरचं झाकण काढू द्यायचे नाहीत. "पंगतीले बसलेला मानूस फोटोले उठत नाई," हा त्यांचा अनुभव. भुकेनं चिडलेले पाहुणे त्यांना मनसोक्त शिव्या द्यायचे आणि फोटोत मात्र छान यायचे.

माझ्या लग्नात मात्र या माणसाची कसोटी लागली. माझे बाबा आणि मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, धुऱ्यावरून भांडलेले. दोन वावरांमधला तो बांध; त्यावर गवताशिवाय काही उगवत नाही, पण भांडण काय जोरात उगवलं! एका अंगणात राहून दोघं वर्षानुवर्षं बोलत नव्हते. मीठ हवं असलं तरी निरोप माझ्यामार्फत जायचा. मी सासरी गेल्यावर या दोघांचं काय होणार, याची मला नवऱ्यापेक्षा जास्त काळजी होती. निदान एका फोटोत तरी ते शेजारी हवेत, असं मी हळदीच्या दिवशीच हमीदभाईंना सांगून ठेवलं.

"पोरी, टेंशन घेऊ नको," ते म्हणाले. "आपल्या कॅमेऱ्यात लय दुश्मन मावले."

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर मांडवाबाहेर, नाल्याच्या अंगाला ओळ उभी राहिली. माझ्या मागे हमीदभाईंनी दोन जागा राखल्या होत्या. मोठेबाबा या टोकाला, बाबा त्या टोकाला.

"मोठेभाऊ, मंधात या."

"मी इथीच बरा हाव."

"लहानभाऊ, तुमी तरी?"

"मले काऊन बलावता? त्यायलेच घ्या."

छत्री दाखवून झाली. माझे डोळे भरले होते, तेही दाखवून झाले. "पाहा, पोरगी रडून राह्यली!" दोघांनाही गलबलून आलं, पण आपापल्या टोकाला.

शेवटी हमीदभाई कॅमेऱ्यामागे गेले. डोळा लावला. मग डोकं वर काढून आमच्यामागे नाल्याकडे पाहतच राहिले. अगदी हळू आवाजात म्हणाले, "कोनी मांगं पाहू नका. पयू नका. हळूहळू जवळ या."

आमच्याकडे याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. नाल्यावर वाघाचे पंजे उमटलेले सगळ्यांनी पाहिले होते. बापरे! चूं न करता सगळं वऱ्हाड माझ्याभोवती गोळा झालं. सासूबाई तर माझ्या शालूतच शिरल्या. आणि माझ्या मानेमागून मोठेबाबांचा आवाज आला, "लहान्या, तू माह्या मांगं हो!"

वाघ मागच्याच बाजूला होता, म्हणजे ते धाकट्या भावाला वाघाच्या तोंडी देत होते. पण भावना चांगली होती.

"तू हात सोडू नको, दादा," बाबा म्हणाले.

तेवढ्यात फ्लॅश पडला.

"झालं! चाला जेवाले," हमीदभाई म्हणाले. आम्ही वळून पाहिलं, तर नाल्यावर आमचीच तांबडी गाय.

मोठेबाबांनी चप्पल काढली. "वाघाचं खोटं सांगतं काय बे?"

हमीदभाई मांडवाला फेऱ्या मारत ओरडत होते, "वाघाचं नाव तरी घेतलं काय मी? मांगं उकिरडा होता! फोटोच्या टायमाले मानसानं उकिरडा काऊन पाहावं?" त्यांच्यामागे मोठेबाबा, आणि मोठेबाबांच्या मागे बाबा, "जाऊ दे ना दादा, धाप लागन तुले!" मी मुंडावळ्यांसकट मटकन खाली बसले आणि हसता हसता रडले.

फोटो म्हणून तो फोटो भयंकर आहे. नवरदेवाचा फेटा डोळ्यांवर, सासूबाईंचा फक्त अंबाडा. पाहुणे हळूच विचारतात, लग्नात काही विपरीत झालं होतं का? पण दोन भावांच्या मधे हवा शोधून दाखवा.

गेल्या हिवाळ्यात हमीदभाई गेले. बाबा आणि मोठेबाबा एकाच मोटरसायकलवर वरोऱ्याला त्यांच्या घरी आले. मी आत बायकांत होते, दारातून दिसत होतं. अंगणातल्या सतरंजीवर माणसं दूरदूर बसली होती. मोठेबाबांनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. मग बाबांच्या शेजारी बसत त्यांना कोपरानं ढकललं.

"सरक ना लहान्या. हवा दिसून राह्यली."

बाबा सरकले. त्यांच्या शेजारचाही सरकला. बघता बघता सगळी माणसं एकमेकांना चिकटून बसली, आणि फोटो काढायला कोणी नव्हतं.